साच्यातला झोका

९ एप्रिल

भाऊजी,

आशीर्वाद घ्या. तुम्हाला नको असले तरी मी वयानं आणि नात्यानं मोठी आहे, त्यामुळे ते येऊन पडणारच.

कागदाचं बंडल मिळालं. पोस्टमननं ते जिन्याखाली चष्मेवाल्याच्या दुकानात टाकलं, आणि बिचारा चष्मेवाला धापा टाकत वर घेऊन आला. "तुमचा दीर दगड पाठवतो का?" म्हणाला. मी म्हटलं, "नाही हो, कोरे कागद आहेत, अजून कुणी काही केलेलं नाही त्यांच्यावर, म्हणून जड आहेत." त्याला काही कळलं नाही. तुमच्या भावाला कळलं असतं, आणि ते दिवसभर आठवून आठवून हसले असते. ते गेल्यापासून माझे विनोद असे वायाच जातात.

आता खरं सांगते. मी उगाच कौतुक करणारी बाई नाही, हे तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून तुमच्या हातचा कागद वापरतेय, पण असा कागद तुम्ही आजवर मला पाठवला नव्हता. ओल्या कागदावर पातळ निळा सोडला आणि नुसती बघत बसले. कुठवर जायचं आणि कुठं थांबायचं, हे त्या रंगाला आधीच माहीत होतं. धुक्याची कड सुटत गेली, सुटत गेली, आणि मला खुर्चीतच डुलकी लागली. डोळे उघडले तेव्हा कागद वाळला होता आणि चित्र झालं होतं. मी काही केलंच नाही म्हणा ना.

पानगळीच्या सुमारास इथल्या एका चित्रदालनात मला अख्खी भिंत मिळतेय. एकच खिडकी आणि एकच धुकं, पण वेगवेगळ्या वेळांचं, असं काहीतरी मनात आहे. सगळी चित्रं याच कागदावर हवीत. तेव्हा याच हातचा आणखी कागद पाठवा, जरा मोठ्या आकाराचा. फार खरखरीत नको. गरम पत्र्यात दाबलेला गुळगुळीतही नको, तो अक्षरं काढणाऱ्यांना द्या, त्यांच्या बोरूला ठेच लागता कामा नये. मला मधला हवा.

कागदाला देता त्या सरसात काही बदललंत का? की यंदा चिंध्या चांगल्या मिळाल्या? की या वयात हात नव्यानं उमलला? काहीही असो, हात असाच ठेवा.

धाकटीला म्हणावं, जावेला एक ओळ लिहिलीस तर बोटं झिजणार नाहीत.

तुमची वहिनी

२७ एप्रिल

वहिनी,

आशीर्वाद पोचले. डोक्यावर घेतले, घरात दुसरीकडे जागा नव्हती.

उत्तराला उशीर झाला. नदीचं पाणी सध्या गढूळ आहे. वरच्या अंगाला कुठंतरी काठ खणताहेत म्हणे. गढूळ पाण्यात कागद केला की तो जन्मभर तोंड न धुतल्यासारखा दिसतो. शिवाय नमदे जुने झालेत. नमदे म्हणजे ज्यांच्यावर आम्ही ओला कागद उतरवून घेतो ती लोकरीची जाड कापडं. मागे इकडे आला होतात तेव्हा त्यांच्याच ढिगावर तुम्ही दुपारभर झोपला होतात, आणि आम्ही दोघं काम थांबवून बाहेर बसलो होतो. तर सांगायचं एवढंच, की सध्या थोडं थांबावं लागेल.

सरसात काही बदललेलं नाही. कातड्याचे तुकडे उकळून इथं युरोपात जुने कागदवाले करायचे तसाच सरस आम्ही अजून करतो, आमच्या गिरणीच्या मालकीणबाईंना त्यात पिठाचा कणही खपत नाही. पण सरस कागदात मुरावा लागतो. नुसता ठेवून दिला तरी कागद शहाणा होत जातो. माणसांचं तसं होतंच असं नाही. तेव्हा कागद आवडला असेल तर कागदाचं कौतुक करा, माझ्या हाताचं कशाला?

परवा दुपारी जेवून आडवा झालो होतो, तर स्वप्न पडलं. कागदाचा साचा लगद्याच्या हौदात बुडवला आणि वर काढला, तर त्यावर कागद नव्हताच. अख्खी नदी होती, वळणांसकट, काठावरच्या झाडांसकट. जाळीतून पाणी गळत होतं आणि नदी मात्र जागची हलत नव्हती. मी धाकटीला म्हटलं, "घे, उतरव." ती म्हणाली, "एवढी मोठी कुठं ठेवू?" जाग आली तेव्हा खरंच ती उशाशी उभी होती आणि अंगावरून घसरलेली चादर माझ्या अंगावर टाकत होती. तिला स्वप्न सांगितलं, तर म्हणाली, "कमी जेवत जा."

भिंत मिळाली याचा फार आनंद झाला. दादा असता तर भिंतीसमोर खुर्ची टाकून बसला असता, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला 'ही बायको माझी' म्हणून सांगत सुटला असता.

कागदाचं बघतो. घाई करू नका.

तुमचा दीर

ता. क. धाकटी ठीक आहे. चिडते, म्हणजे ठीकच.

३ मे

ताई,

मला पत्र लिहायचा कंटाळा आहे हे तुम्हाला माहीतच आहे. तरी मी लिहितेय, म्हणजे काहीतरी बिनसलंय हे तुम्ही पाकीट बघूनच ओळखलं असेल. मी लिहिलंय हे ह्यांना कळू देऊ नका.

नदी गढूळ नाही. तळाचे गोटे दिसताहेत इतकी स्वच्छ आहे. नमदे मागच्याच वर्षी नवे आणलेत.

ह्यांचा झोका गेलाय.

म्हणजे काय ते सांगते. तुम्ही आमचं काम पाहिलंय, पण झोपेतच जास्त पाहिलंय. साचा म्हणजे तारेची जाळी आणि तिच्याभोवती लाकडी चौकट. हे ती लगद्याच्या हौदात बुडवतात, आडवी वर काढतात, आणि पाणी गळून जायच्या आत तिला झोका देतात, डावी-उजवीकडे आणि थोडा मागे-पुढे. त्या झोक्यानं चिंध्यांचे तंतू एकमेकांत अडकतात आणि कागद साय धरल्यासारखा एकसारखा बसतो. मग साचा माझ्याकडे येतो आणि मी तो नमद्यावर पालथा घालून कागद उतरवते. लग्न झाल्यापासून आम्ही दोघं एकाच हौदाच्या दोन बाजूंना उभे आहोत. संसार तिथंच झाला म्हणा.

हिवाळा संपता संपता एका सकाळी ह्यांनी साचा वर काढला आणि झोका आलाच नाही. हात हलले, पण ते मुद्दाम हलवलेले हात होते. कागद ढगाळ झाला, इकडे जाड, तिकडे पातळ. दुसऱ्या दिवशीही तेच. डॉक्टरांनी खांदे बघितले, बोटं बघितली, डोळे बघितले. सगळं ठणठणीत आहे म्हणाले. ह्यांना ज्यांनी काम शिकवलं त्या म्हाताऱ्याचाही झोका असाच गेला होता, आणि पुढं तो जन्मभर गिरणीच्या फाटकावर बसून राहिला. गेलेला झोका परत येत नाही असं कागदवाले मानतात, त्याबद्दल बोलतसुद्धा नाहीत. विचार करावा तितका तो आणखी लांब जातो. आणि हे आता दुसरं काही करतच नाहीत. जेवायला बसले की पाण्याचा पेला हातात घेऊन डावी-उजवीकडे हलवत राहतात. पाणी सांडतं. मी पुसते.

तुम्ही ज्याचं कौतुक केलंत तो कागद कैक वर्षांपूर्वीचा आहे. माळ्यावर मागे राहून गेला होता, तो ह्यांनी उतरवून तुम्हाला पाठवला. 'हात असाच ठेवा' हे तुमचं वाक्य वाचलं आणि हे उठून नदीवर गेले, ते अंधार पडल्यावर आले.

मालकीणबाई वाईट नाहीत. पण पानगळीपर्यंत हौदावर कुणी उभं राहिलं नाही, तर हौद रिकामा करून नुसती यंत्रं ठेवायची, असं त्यांनी सांगून टाकलंय. यंत्रावरचा कागदही कागदच असतो, माझी काही तक्रार नाही. पण रिकाम्या हौदाशेजारून हे रोज ये-जा करतील ते मला बघवणार नाही.

म्हणून हात जोडते, आणखी कागद मागू नका. मोठा तर नकोच नको. गरज नाही असं काहीतरी लिहा. तुम्हाला गोड लिहिता येतं. मला येत नाही, मी लिहिलं की भांडण वाटतं.

तुमची धाकटी

१४ मे

भाऊजी,

कागदाची अजिबात घाई करू नका. खरं म्हणजे आता आणखी नकोच. मागच्या पत्रात मी जरा वाहवत गेले होते. त्यानंतर बंडलातले आणखी कागद काढले, तर एका कोपऱ्यात ते रंग पितात असं दिसलं. थेंब टेकवला की टिपकागदासारखा आत ओढून घेतात. फार नाही, थोडंसंच. त्यामुळे भिंतीसाठी मी इथंच यंत्रावरचा कागद बघतेय. तुम्ही निवांत राहा.

इथं सकाळी धुकं रस्त्यावर उतरतं. मी खिडकीत बसते. समोरची घरं जातात, झाडं जातात, दिव्याचे खांब जातात. शेवटी चष्मेवाल्याच्या पाटीवरचा लाकडी चष्मा तेवढा उरतो, आणि त्यातून धुकंच माझ्याकडे बघतंय असं वाटतं. मग चहा गार होतो. अशा सकाळी आपण जागे आहोत की नाही, हे नक्की सांगता येत नाही, आणि कुणी विचारतही नाही. एकटं राहण्याचा हा एक फायदा आहे.

तब्येतीला जपा. हे असंच लिहितेय, मुद्दाम नाही.

वहिनी

३० मे

वहिनी,

'मुद्दाम नाही' असं तुम्ही लिहिलंत तिथंच मला कळलं, की धाकटीनं तुम्हाला सगळं कळवलंय. तिला मी काही बोललो नाही. मला कळलंय, हे तुम्हीही तिला कळवू नका. आमच्या घरात सध्या प्रत्येक जण दुसऱ्याला जपायला काहीतरी लपवतोय, आणि घर तर एवढंसं आहे. लपवलेल्या गोष्टींच्या सारख्या ठेचा लागतात.

पण कोपऱ्याचं वाचून पायाखालची वाळू सरकली. दया म्हणून माणूस 'घाई नाही' असं लिहील, 'गरज नाही' असंही लिहील. पण कागदात दोष आहे, असं तुम्ही दयेपोटी लिहिणार नाही. कागदाबद्दल तुम्ही माझ्याशी कधी खोटं बोलला नाहीत. म्हणजे माळ्याला ओल लागली आणि जुना सरस उतरला. मी लगेच माळ्यावर चढलो. सरस आहे की नाही ते कागदवाले जिभेनं बघतात. कोपऱ्याला जीभ लावायची, कागदानं ओल पटकन शोषली तर सरस गेला. माळ्यावर उरलेला एकेक कागद चाटून पाहिला. धाकटी शिडीखालून बघत होती, तिला वाटलं आता डोकंही गेलं. जीभ सांगत होती, कागद चांगला आहे. तुमचं पत्र सांगत होतं, वाईट आहे. मी पत्रावर विश्वास ठेवला. हातानं फसवलंच आहे, जीभ तरी कशावरून खरं बोलत असेल?

तो कागद माझा शेवटचा चांगला कागद होता, वहिनी. तो आहे, कुठंतरी कुणी त्यावर रंग सोडतंय, एवढ्यावर मी दिवस काढत होतो. आता तोही नाही.

झोका कसा गेला ते मला सांगता येत नाही. मी त्याला कधी बोलावलंच नव्हतं, त्यामुळे तो कुठल्या वाटेनं यायचा हे मला माहीत नाही. त्या दिवशी सकाळी ऊन हौदावर पडलं होतं, लगद्यात चिंध्यांचे तंतू तरंगताना दिसत होते. मला सहज वाटलं, किती वर्षं आपण हे करतोय, आणि कसं करतो बरं? एवढंच. तेवढ्यात तो गेला.

पानगळीपर्यंत कशाला थांबायचं? मालकीणबाईंना परवाच सांगतो, हौद रिकामा करा. फाटकावरची जागा मोकळीच आहे.

तुमचा दीर

५ जून

भाऊजी,

कोपऱ्याचं खोटं होतं. खोटं, खोटं, खोटं. तुमच्यावरचं ओझं कमी करावं म्हणून मी ते रचलं, आणि मला वाटलं मी फार हुशारी केली. सोबत त्याच कागदाचा कोपरा कापून पाठवतेय. चित्रातूनच कापलाय. उजेडात धरून बघा. रंग कडेपर्यंत कसा आलाय आणि कडेशी कसा थांबलाय ते बघा. तुमची जीभ खरं बोलत होती. वहिनी खोटं बोलत होती.

मालकीणबाईंना काही सांगितलं असेल तर परत घ्या. नसेल सांगितलं तर तोंड शिवून बसा.

आणि आता माझं ऐका. मला कागद हवाय. जुना नको, माळ्यावरचा नको. यंदाचा, आत्ताचा, जसा होतोय तसा. ढगाळ होतो म्हणता? होऊ दे. मी तरी दुसरं काय रंगवतेय? झोका बिका मी मागत नाहीये. साचा बुडवा, वर काढा, जे येईल ते नमद्यावर घ्या, आणि ते पुन्हा लगद्यात न टाकता माझ्याकडे पाठवा. एवढं तरी मोठ्या वहिनीसाठी करा. तुमच्या भावाची शपथ घालणार नव्हते, पण घालते.

पत्र नीट लिहिलेलं नाही, पोस्ट बंद व्हायची वेळ झालीय.

वहिनी

२२ जुलै

वहिनी,

शपथ घातलीत, आता भोगा. बंडल याच टपालानं येईल.

मालकीणबाईंना अजून बोललो नाही. कोपरा मिळाला. तो मी कुणाला दाखवलेला नाही, पाकिटात घालून खिशात ठेवलाय.

रोज सकाळी हौदावर उभा राहतो आणि वाईट कागद करतो. धाकटी तो माझ्या हातून घेते आणि चेहऱ्यावरची रेघ न हलवता नमद्यावर उतरवते, राजाचा कागद असल्यासारखा. पूर्वी एखादा बिघडला तर ती मला टोचून बोलायची. आता बोलत नाही, ते जास्त लागतं. चिंध्या चांगल्या होत्या, सुती आणि जुन्या लिननच्या, कुणाच्या तरी चादरी. ज्यांवर माणसं सुखानं झोपली असतील त्यांची मी अशी दशा केली.

पुढचं सगळं, म्हणजे दाबणं, वाळवणं, सरसात बुडवणं, धाकटीच करते. मी माळ्यावर चढत नाही. बंडलही तिनंच बांधलंय. त्यात काय गेलंय ते मी पाहिलेलं नाही आणि पाहणारही नाही.

दुपारी वरच्या खोलीत पडतो. उन्हाळ्यानं डोळे मिटतात, पण धड झोप लागत नाही, नदीकाठच्या चिखलासारखी नुसती पाय धरून ठेवते. आणि त्या तंद्रीत मला माझा जुना हात ऐकू येतो. साचा वर आला की आधी जाड धार पडते, मग झोका चालू असतो तेवढा वेळ पाणी गप्प होतं, आणि मग बारीक बारीक थेंब. अगदी तसंच ऐकू येतं, पुन्हा पुन्हा. मी हलत नाही, हललो तर स्वप्न मोडेल. हात स्वप्नात गेलाय आणि तिथं तो मजेत आहे, असं मी स्वतःला सांगतो. धाकटीला हे सांगितलं तर म्हणाली, "मग झोपत जा की अजून थोडा वेळ."

कागद वाईट आहे हे मला माहीत आहे, ते कळवायची गरज नाही.

तुमचा दीर

४ ऑगस्ट

भाऊजी,

बसून वाचा.

वरचे कागद तुम्ही म्हणालात तसेच आहेत. खिडकीशी धरले, तर आभाळ भरून आल्यासारखे. त्यांच्यावर मी दोन-तीन चित्रं केली. एक बरं झालं, बाकीची कागदानं आपल्या मनानं केली, मला विचारलं नाही. तुमच्याशी पुन्हा खोटं बोलायचं नाही असं ठरवलंय, म्हणून सांगते: ते वाईट आहेत.

पण खालचे! बंडलाच्या तळाला जे आहेत ते! पहिला उजेडात धरला आणि मला वाटलं जुनाच एखादा मिसळला असेल. पण कड अजून करकरीत आहे, सरसाचा वास ताजा आहे, यंदाचाच आहे. एकसारखा, भाऊजी. कुठं ढग नाही, कुठं घाई नाही. मी पातळ निळा सोडला. तो निघाला, आणि मी खुर्चीत मागे टेकून बघत राहिले. जुन्या कागदावर तो थांबायचा तिथंच थांबला, पण जरा हळुवार थांबला. हात परत आलाय तुमचा! आणि होता तसा नाही आलेला, पूर्वीपेक्षा हलका होऊन आलाय. या दिवसांत कधीतरी तो गुपचूप आला, आणि तुम्ही तोंड फिरवून बसलात म्हणून तुम्हाला पत्ता लागला नाही.

मी रडले. मग खाली जाऊन चष्मेवाल्यालाही सांगितलं. त्याला काही कळलं नाही, पण त्यानं माझा चष्मा पुसून दिला.

भिंत आता भरणार.

वहिनी

२१ ऑगस्ट

वहिनी,

तुमचं पत्र मी हौदाजवळच्या बाकावर बसून वाचलं, आणि वाचता वाचता उभा राहिलो. 'हात परत आलाय' असं तुमच्या अक्षरात लिहिलेलं होतं. इतका आनंद मला लग्नाच्या दिवशीही झाला नव्हता, हे धाकटीला सांगू नका.

मग पुन्हा वाचलं. हलका. माझा हात कधीच हलका नव्हता. दादा म्हणायचा, तू कागद करत नाहीस, कणीक तिंबतोस. शिवाय या उन्हाळ्यात मी केलेला एकेक कागद माझ्या डोळ्यांसमोर आहे, वाईट कागद विसरता येत नाहीत. त्यांत एकसारखा एकही नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी आडवा झालो, पण डोळे उघडे ठेवले. थोड्या वेळानं आवाज आला. जाड धार. मग गप्प. मग थेंब. मी स्वतःला चिमटा काढला, आवाज चालूच होता. अनवाणी जिना उतरलो आणि दाराच्या फटीतून पाहिलं.

धाकटी होती. साचा बुडवायची, वर काढायची, झोका द्यायची. मग हौदाला वळसा घालून आपल्या रोजच्या जागी यायची, आणि स्वतः केलेला कागद स्वतःच नमद्यावर उतरवायची. पुन्हा वळसा, पुन्हा साचा. दोन माणसांचं काम एकटी करत होती, आणि ओठांत काहीतरी पुटपुटत होती, बहुतेक मला शिव्या असाव्यात. झोका ती हातानं देतच नव्हती, वहिनी. तो तिच्या पायांतून येत होता, कमरेतून येत होता. इतकी वर्षं हौदाच्या पलीकडे उभी राहून, माझ्या हातून साचा घ्यायला पुढं होताना, तीही माझ्याबरोबर झुलत आली होती. ते मला कधी दिसलं नाही. तिलाही माहीत नव्हतं. मी झोपलो की हौद रिकामा रिकामा वाटतो, म्हणून तिनं एकदा साचा बुडवून पाहिला असावा, एवढंच.

जळलो. खोटं कशाला बोलू? माझी जागा, माझा साचा, माझं पाणी. मी त्या फटीशी उभा राहून असा जळलो, की दाराला धरावं लागलं. दार करकरलं. तिनं मान वर केली, मला पाहिलं, आणि पुढचा साचा वर आला तो वेडावाकडा. पाणी सगळं एकीकडे धावलं, कागद मधोमध फाटला. तिनं हातांकडे पाहिलं. मग साच्याकडे, मग पुन्हा हातांकडे. तो चेहरा माझ्या ओळखीचा होता, वहिनी. हिवाळ्यात मी तो रोज आरशात बघत होतो.

जळणं तिथंच विझलं. मी आत गेलो, नमद्यापाशी तिच्या जागी उभा राहिलो, आणि तोंड खिडकीकडे करून म्हटलं, "हं, दे इकडे. किती वेळ लावतेस!"

"मी नुसता हौद ढवळत होते," ती म्हणाली.

"ढवळ की. पण साचा दे."

बाहेर नदीवर ऊन होतं, मी ते बघत राहिलो. मग जाड धार ऐकू आली. मग गप्प. मग थेंब. साचा माझ्या हाताला टेकला, मी न बघता घेतला आणि नमद्यावर पालथा घातला. हे काम मी जन्मात केलं नव्हतं. कागद तिरका पडला, शिवाय त्याच्या पोटात बुडबुडा राहिला.

"अहो, कडेपासून टेकवा! कडेपासून! एवढंही येत नाही का तुम्हाला?" ती ओरडली, आणि ओरडण्याच्या नादात पुढचा साचा वर काढला. तो कसा आला ते मी पाहिलं नाही. पण नमद्यावर उतरवला तेव्हा बोटांना कळलं.

हौद राहणार आहे. मालकीणबाई आल्या, त्यांनी वाळलेला कागद उजेडात धरला आणि काही बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात मी त्यांना दंडाला धरून अंगणात नेलं. नोकर माणसानं असं करू नये, पण केलं. बाहेर नेऊन सगळं सांगितलं. आता त्याही हौदावर आल्या की फक्त पावसापाण्याच्या गोष्टी करतात.

कारण तिच्या हातांकडे कुणी टक लावून पाहिलं, कुणी 'वा' म्हटलं, किंवा तिनंच एखाद्या सकाळी 'मी हे कसं करते बरं?' असा विचार केला, की संपलं. ते कसं संपतं, हे माझ्याइतकं कुणाला माहीत आहे? म्हणून तिला पत्र लिहाल तेव्हा कागदाबद्दल एक अक्षरही लिहू नका. भिंतीवर चित्रं लागली की लोक विचारतील, हा कागद कुणाचा? त्यांना खुशाल सांगा. पण ते बोलणं इथवर पोचू देऊ नका.

तिला वाटतं, जागा गेली म्हणून मी रुसलोय. जेवताना समजूत काढल्यासारखी माझ्या पानात जास्तीचं वाढते, आणि शेजारणीला सांगते, "अजून घुश्शातच आहेत, हौदावर माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत." मी तोंड फुगवून वाढलेलं खातो. तिला तसंच वाटू दे. वहिनी, मला तिचा इतका अभिमान वाटतो, की तिच्याकडे बघायची सोय उरलेली नाही.

तुमचा दीर